काळी, पांढरी आणि पाषाण : प्रस्तावना

नागपूरहून काटोलकडे जाणाऱ्या रस्त्यालगत, शहराची वस्ती विरळ होते न होते तोच, जुनापाणी या मौजाच्या बरड माळावर काळ्या धोंड्यांची जी शेकडो वर्तुळे पसरलेली आहेत, ती रचणाऱ्यांनी आपल्या नावाचे एक अक्षरही मागे ठेवलेले नाही. घोड नदीच्या काठी, शिरूर तालुक्यातील इनामगावच्या शिवारात, ज्यांनी तीन-साडेतीन हजार वर्षांपूर्वी जव पेरला, पाट काढला आणि आपली तान्ही मुले मातीच्या घटांत घालून घराच्याच भुईखाली पुरली, त्यांच्याही मुखातला एकही शब्द आपल्यापर्यंत पोहोचलेला नाही. महाराष्ट्राचा लिखित इतिहास सातवाहनांच्या शिलालेखांपासून धरला तर तो सुमारे दोन सहस्र वर्षांचा भरतो; परंतु त्याच्या मागे जवळजवळ तेवढ्याच लांबीचा असा एक काळ उभा आहे, ज्यात या भूमीवर नांगरटीची शेती आली, गाव वसले, तांबे आणि पुढे लोखंड वितळू लागले, आणि मृतांसाठी अवजड शिळा उचलून आणण्याची रीत पडली. या काळाचे दप्तर जमिनीतच आहे, आणि ते वाचावयाचे तर जमिनीवर चालत जाण्यावाचून गत्यंतर नाही. अशा चालण्याला निघणाऱ्या जिज्ञासूच्या हाती द्यावयाचा हा ग्रंथ आहे. त्याला प्रस्तावना लिहिण्याचे काम लेखकांनी माझ्याकडे सोपविले, ते मी आनंदाने पत्करले आहे.

प्रथम क्षेत्राची ओळख. खेड्यापाड्यांतून पाहावयास मिळणारे प्रागैतिहासिक अवशेष आपल्याकडे मुख्यत्वे दोन जातींचे आहेत. पहिली जात वस्तीच्या टेकाडांची. आपल्या महसूल व्यवहारात गावच्या जमिनीची काळी आणि पांढरी अशी जी जुनी वाटणी आहे, तिच्यातील पांढरीचा पांढुरका रंग राखेने, शेणाने, ढासळलेल्या भिंतींच्या मातीने आणि हाडांच्या चुन्याने आलेला असतो. आणि जेथे पिढ्यान्‌पिढ्या माणसे एकाच जागी राहिली, मेली, पुन्हा घरे बांधती झाली, तेथे ही माती थरावर थर चढत टेकाडाचे रूप घेते. गाव उठले, दप्तरात बेचिराग लागले, कालांतराने दप्तरातूनही गेले, तरी टेकाड राहते. प्रवरेकाठचे जोर्वे, नेवासे आणि दायमाबाद, घोडेकाठचे इनामगाव, तापीकाठचे प्रकाशे, गिरणेकाठचे बहाळ ही अशी टेकाडे होत. दुसरी जात महापाषाणांची: विदर्भातील शिळावर्तुळे, चंद्रपूर जिल्ह्यात हिरापूर येथे उभ्या शिळांवर आडवी शिळा ठेवून केलेले प्रकोष्ठ, आणि दक्षिणेस कर्नाटकात हिरेबेणकलच्या डोंगरमाथ्यावर नगरीसारखी दाटी करून उभी असलेली शिलागृहे. पहिल्या जातीत जिवंतांची घरे सापडतात, दुसरीत बहुशः मृतांची. आणि ही दोन्ही एकमेकांशेजारी फार क्वचित ओळखू येतात, हीच या विषयाची सर्वांत मोठी अडचण आणि सर्वांत मोठे आकर्षण होय.

या अवशेषांकडे शास्त्रबुद्धीने पाहण्याचा आरंभ दक्षिणेतील शिळास्मारकांच्या बाबतीत परकीय अंमलदारांनी केला. मलबारातील शिलागृहांविषयी बॅबिंग्टनचा लेख मुंबईच्या लिटररी सोसायटीच्या ग्रंथात 1823 मध्ये छापला गेला. पुढे निजामाच्या मुलखात शोरापूर संस्थानाचा कारभार पाहणाऱ्या मेडोज टेलरने तेथील वर्तुळे उकरून आतील रचनेची टिपणे व रेखाटने ठेवली, आणि मध्य प्रांतात कापसाच्या व्यवहाराचा अधिकारी म्हणून हिंडलेल्या रिव्हेट-कार्नाकने जुनापाणीच्या वर्तुळांवरील आपला वृत्तान्त 1879 मध्ये प्रसिद्ध केला. तेथून निघालेल्या वस्तूंपैकी काही आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. या मंडळींची निरीक्षणशक्ती तीव्र होती आणि त्यांनी मोजमापे जपली, याबद्दल त्यांचे ऋण मान्य केले पाहिजे. परंतु वर्तुळ दिसले की त्यांचे मन आपल्या मायदेशातील वर्तुळांकडे धाव घेई, आणि धोंड्यांवर कोरलेल्या वाटीएवढ्या खळग्यांचे स्कॉटलंडातील खळग्यांशी साम्य जुळविण्यात जो उत्साह खर्ची पडला, त्याचा अल्पांशही त्याच माळाच्या पायथ्याशी ओढ्याकाठी कोणी राहत होते काय, हे शोधण्याकडे वळला नाही.

कालगणनेला शिस्त आली ती फार उशिरा. मॉर्टिमर व्हीलरने 1947 मध्ये चित्रदुर्ग जिल्ह्यातील ब्रह्मगिरी येथे वस्तीचे थर आणि महापाषाणी दफने यांचा परस्परसंबंध उत्खननातून दाखविला, व दगडी कुऱ्हाडी वापरणारे लोक, त्यांच्यानंतर महापाषाणी लोक आणि त्यांच्यानंतर सातवाहनकालीन वस्ती असा क्रम लावून दिला. त्याने दिलेली वर्षे पुढे टिकली नाहीत. कर्नाटकातीलच हळ्ळूर येथील कर्ब-14 पद्धतीच्या कालमापनाने लोखंडाचा आरंभ इ. स. पू. 1000 च्या आसपास नेऊन ठेवला. परंतु थर वाचण्याची जी पद्धत त्याने रुजविली ती टिकली, आणि तिला महाराष्ट्राच्या मातीत खऱ्या अर्थाने कामाला लावले ते पुण्याच्या डेक्कन कॉलेजने.

1939 मध्ये डेक्कन कॉलेजच्या पुनःस्थापित संशोधन संस्थेत ह. धी. सांकलिया आले, आणि त्यांच्याबरोबर नद्यांची खोरी पायाखाली घालण्याची परंपरा आली. 1950-51 च्या हंगामात संगमनेर तालुक्यातील जोर्वे येथे त्यांनी व शां. भा. देव यांनी केलेल्या उत्खननात तांब्याच्या चपट्या कुऱ्हाडी आणि काळ्या रंगात नक्षी काढलेली तांबडी, पातळ, टिचकी मारली असता खणखणणारी भांडी निघाली, तेव्हा कोणासही कल्पना नसेल की तोटीची भांडी आणि कोनदार अंगाचे वाडगे असलेला हा कुंभारमाल पुढे तापीपासून भीमेपर्यंत शेकडो ठिकाणी सापडेल आणि एका लहानशा खेड्याचे नाव एका संपूर्ण संस्कृतीस मिळेल. नेवाशाच्या उत्खननाचा 1960 मधील अहवाल ज्यांनी चाळला असेल त्यांना, इतिहासकाळातून उलट्या पावली प्रागितिहासात उतरत जाण्याची त्याची रीत ध्यानात असेल. दायमाबादने तर सर्वांनाच चकित केले: 1974 मध्ये झाडाच्या मुळाशी खणताना एका भिल्ल शेतकऱ्याला बैलजोडीचा रथ व त्यावर उभा सारथी, हत्ती, गेंडा आणि रेडा अशी चार धातुशिल्पे सापडली, ज्यांचे एकत्रित वजन साठ किलोंहून अधिक भरते. ती उत्तर-हडप्पा काळातील असावीत असे अनेकांचे मत. काही विद्वानांनी धातूतील सोमलाच्या प्रमाणावरून त्याविषयी शंका काढली. माझे मत पहिल्या पक्षाकडे झुकते. तथापि वस्तू थरातून शिस्तीने बाहेर न येता एकाकी सापडली की विद्वत्तेलाही किती हतबल व्हावे लागते, याचे हे उदाहरण वाचकाने दायमाबादच्या टेकाडावर उभे राहून अवश्य आठवावे.

इनामगावविषयी मात्र थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे, कारण महाराष्ट्रातील पहिल्या शेतकऱ्यांचे इतके सलग चित्र अन्यत्र कोठेही हाती आलेले नाही. 1968 पासून 1983 पर्यंत, हंगामामागून हंगाम, सांकलिया, अन्सारी आणि म. के. ढवळीकर यांच्या नेतृत्वाखाली हे टेकाड आडवे, विस्तृत उकलले गेले. खोल खड्डा घेऊन क्रम लावण्यापेक्षा एकाच काळाचे संपूर्ण गाव उघडे करून पाहावे, हा त्यामागचा विचार होता. इ. स. पू. 1600 च्या सुमारास वसलेली ही वस्ती इ. स. पू. 700 पर्यंत नांदली. आरंभी आणि मध्यकाळात कुडाच्या भिंतींची चौकोनी, प्रशस्त घरे, त्यांच्या ओळी, त्यांमधून वाट, एक पाच दालनांचे घर आणि त्याच्या शेजारी धान्याचे कोठार. नदीचे पाणी वळवून आणणारा पाट व पुराला अडविणारा बांध. पाच दालनांच्या घरात गावचा मुखिया राहत असावा आणि कोठारातील धान्य त्याच्या देखरेखीखाली असावे, हे अनुमान उत्खननकर्त्यांनी केले आहे आणि ते मला ग्राह्य वाटते. इ. स. पू. 1000 नंतर चित्र पालटते. पर्जन्यमान घटले, उत्तरेकडील खोऱ्यांतील बहुतेक जोर्वे गावे ओस पडली, आणि इनामगावात चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या. भांडी निकृष्ट झाली, शेतीचा आधार कमी होऊन पशुपालनाचा व शिकारीचा वाढला. तीनशे वर्षे या लोकांनी टंचाईशी झुंज देत गाव सोडले नाही, ही गोष्ट मला त्यांच्या भरभराटीच्या काळापेक्षाही अधिक हृद्य वाटते.

त्यांच्या मृत्युसंस्कारांचे तपशील वाचताना मन थबकते. मुलांना तोंडाला तोंड लावून आडव्या ठेवलेल्या दोन घटांत निजवीत. प्रौढांना उत्तरेकडे डोके करून खड्ड्यात उताणे ठेवीत, आणि घोट्याखालचे पाय तोडून टाकीत. मृताने घर सोडून जाऊ नये, अथवा भूत होऊन फिरू नये, यांपैकी कोणता हेतू या कृतीमागे होता याचा निर्णय हाडे देत नाहीत. मात्र दफन अंगणात किंवा घरातच होई, गावाबाहेर नव्हे, हे लक्षात घेता आपल्या मृतांना जवळ ठेवण्याची इच्छा त्यात होती असे मी मानतो. एका मातीच्या पेटीसोबत शिर नसलेली स्त्रीमूर्ती आणि तिच्याबरोबर एक बैल सापडला; ती मूर्ती बैलावर बसविता येते.

विदर्भात आलो की घरांचे हे सान्निध्य सुटते आणि मृत माळावर जातात. तेथील कामाची धुरा शां. भा. देव यांनी नागपूर विद्यापीठातून वाहिली: टाकळघाट-खापा, माहुरझरी, पुढे अ. प्र. जामखेडकर यांच्या समवेत नैकुंड. त्याआधी 1961-62 मध्ये ब. कृ. थापर यांनी जुनापाणीची तीन वर्तुळे उत्खनित केली होती. साधारणतः दहा-पंधरा मीटर व्यासाचे, बेसाल्टच्या धोंड्यांचे कडे, आत माती व गोट्यांची भर, आणि तिच्याखाली हाडे, काळी-तांबडी भांडी, लोखंडी कुऱ्हाडी, खंजीर, छिन्न्या, पक्ष्याच्या आकृतीने शोभविलेली तांब्याची झाकणे, अकीक व कार्नेलियनचे मणी. सर्वांत विलक्षण वस्तू घोड्याच्या: लोखंडी लगाम, आणि माहुरझरीत घोड्याच्या तोंडावर चढविलेला तांब्याचा साज, त्या घोड्याच्या हाडांसकट. मालकाबरोबर घोड्याचा बळी दिला जात होता याविषयी फारसा संदेह उरत नाही.

येथेच या विषयातील एक मोठा वाद उभा राहतो. शेकडो वर्तुळे आणि मोजक्या वस्त्या, या विषमतेवरून लेश्निक या विद्वानाने 1974 मध्ये असे मांडले की महापाषाणी लोक भटके पशुपालक व अश्वारोही होते, स्थिर गावे त्यांची नव्हेतच. मांडणी आकर्षक आहे, आणि विदर्भातील वर्तुळांचा संबंध गवळी लोकांशी जोडणाऱ्या लोकश्रुतीशी तिचा सूर जुळतो. तरीही नैकुंडच्या वस्तीत लोखंड गाळण्याची भट्टी, तिच्या मातीच्या विटा, भात्याच्या नळ्या आणि लोहकीट मिळाले आहे. नैकुंड आणि भागीमोहारी येथे धान्याचे दाणे मिळाले आहेत. भट्टी पाठीवर घालून फिरणारा समाज मला कल्पिता येत नाही. शेती, गुरे आणि धातुकाम अशा तिन्ही वृत्ती एकाच समाजात, कदाचित वेगवेगळ्या कुळांकडे, नांदत असाव्यात. आणि वर्तुळांची जागा पाहिली तर या तर्काला बळ येते, कारण ती पिकाऊ काळ्या जमिनीवर सहसा नसून तिला लागून असलेल्या बरड, मुरमाड उंचवट्यावर, ओढ्याच्या ऐकण्याच्या टप्प्यात असतात. ज्यांना शेतीची किंमत कळते तेच मृतांसाठी नापीक जमीन निवडतात. वस्तुसंग्रहालयात लगाम पाहून हे कोणासही उमगणार नाही. त्यासाठी माळावर उभे राहून खाली काळीकडे पाहावे लागते.

दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी ही दृष्टी सर्वांत धिटाईने वापरली. पुण्याच्या परिसरात पायी हिंडत त्यांनी सूक्ष्मास्त्रे वेचली, उभ्या धोंड्यांची नोंद केली, आणि शेंदूर फासलेल्या ग्रामदेवतांची ठाणी गुराख्यांच्या प्राचीन वाटांवर व तिठ्यांवर कशी येतात हे दाखवून दिले. त्यांचे काही निष्कर्ष घाईचे होते, हे आज कोणीही अभ्यासक सांगेल. पण आजच्या खेडुताच्या आचारातून प्रागितिहासाकडे वाट जाते हा त्यांचा आग्रह अबाधित आहे. बस्तर आणि गडचिरोलीतील माडिया लोक आपल्या मृतांच्या स्मरणार्थ शिळा उभी करतात, ती परंपरा आपल्या डोळ्यांदेखत चालू आहे. तिच्यावरून अडीच हजार वर्षांपूर्वीच्या वर्तुळाचा अर्थ थेट लावणे अशास्त्रीय ठरेल. परंतु शिळा उचलणे हे एका कुळाचे काम नसून साऱ्या गावाला जेवू घालण्याचे, ऋण फेडण्याचे आणि मान मिळविण्याचे काम असते, हे तेथे शिकता येते.

कोकणातील सड्यांवर कोरलेली खोदशिल्पे हा या विषयाचा सर्वांत नवा प्रांत. रत्नागिरी आणि राजापूर तालुक्यांतील उक्षी, कशेळी, देवाचे गोठणे, बारसू, सिंधुदुर्गातील कुडोपी, आणि गोव्यात कुशावती नदीकाठचे, 1993 मध्ये प्रकाशात आलेले उसगाळीमळ: येथे जांभ्या दगडाच्या आडव्या पाठीवर हत्ती, मासे, मोर, माणसे व अनाकलनीय चौकटी कोरलेल्या आहेत, आणि युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत 2022 मध्ये त्यांचा समावेश झाला. त्यांचा काळ मध्याश्मयुगापासून इतिहासकाळाच्या आरंभापर्यंत कोठेही धरला जातो. लेखकांनी या मतभेदात न शिरता केवळ स्थळे दाखविली, हे उचित झाले.

आता हे सर्व पाहण्याची निकड का, याविषयी. केंद्र शासनाच्या संरक्षित स्मारकांच्या यादीत नागपूर जिल्ह्यातील अनेक मौजांची शिळावर्तुळे नोंदलेली आहेत, आणि 1958 चा कायदा त्यांच्या पाठीशी आहे. परंतु मंदिराचे शिखर पडले तर गाव हळहळते. वर्तुळातील चार धोंडे बांधाला गेले तर ते कोणाच्या ध्यानीही येत नाही. नागपूर शहर पश्चिमेकडे वाढते आहे आणि भूखंडांच्या खुणा माळावर चढत आहेत. टेकाडांची पांढरी माती खत म्हणून शेतात जाते, विटांसाठी जाते. ट्रॅक्टरच्या खोल नांगरटीने जे थर तीन हजार वर्षे टिकले ते एका उन्हाळ्यात मिसळून जातात. याला शेतकऱ्याचा दुष्टपणा म्हणणे अन्यायाचे होईल. त्याला कोणी येऊन सांगितलेलेच नाही की त्याच्या बांधाखाली काय आहे. आणि ज्यांनी सांगावयाचे त्यांचे लिखाण बहुतांशी इंग्रजी अहवालांत, विद्यापीठांच्या कपाटांत राहिले. ढवळीकरांच्या ‘महाराष्ट्राची कुळकथा’सारखी पुस्तके हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच. ही उणीव माझ्या पिढीच्या अभ्यासकांची आहे आणि ती भरून निघावी असे मला मनापासून वाटते.

प्रस्तुत ग्रंथाने नेमके हे काम अंगावर घेतले आहे. लेखकांनी स्थळांची मांडणी जिल्ह्यांप्रमाणे न करता नद्यांच्या खोऱ्यांप्रमाणे केली आहे, कारण तापी, प्रवरा, घोड, कन्हान, पेंच यांच्याच आश्रयाने हे लोक राहिले आणि सरहद्दी फार नंतर आल्या. उत्खननाचे खड्डे बुजविले गेल्यावर जागेवर प्रत्यक्षात काय दिसते, हे त्यांनी प्रामाणिकपणे लिहिले आहे; इनामगावला जाऊन पाच दालनांचे घर दिसेल अशी आशा कोणी धरू नये, टेकाड, काठ आणि नदीचे वळण दिसेल, आणि ग्रंथातील नकाशा हाती असेल तर त्यातून गाव उभे करता येईल. जुनापाणीच्या खळग्यांना नक्षत्रांशी जोडण्याचे जे प्रयत्न झाले त्यांचा उल्लेख त्यांनी केला आहे, पण त्यावर भर दिलेला नाही. मीही त्यांच्या जागी असतो तर एवढेच केले असते. छायाचित्रांपेक्षा छेदचित्रे अधिक घेतली आहेत, याने ग्रंथ किंचित रूक्ष झाला असेल, परंतु थर वाचावयास शिकविण्यासाठी दुसरा मार्ग नाही.

वाचकाने हा ग्रंथ घेऊन निघताना रब्बीची कापणी उरकल्यानंतरचे दिवस निवडावे. तेव्हा शेत मोकळे असते, गवत वाळून खाली बसलेले असते आणि धोंड्यांच्या ओळी स्पष्ट होतात. शेतकऱ्याची परवानगी आधी घ्यावी, आणि त्याच्याशी बसून बोलावे, कारण कोणत्या पट्ट्यात नांगराला खापऱ्या लागतात हे त्याच्याइतके कोणास ठाऊक नसते. खापरी उचलली तर जेथे होती तेथेच परत ठेवावी. थैलीत घातलेली खापरी आपले गाव हरवून बसते. विदर्भातील बहुसंख्य वर्तुळसमूहांच्या वस्त्या आजतागायत सापडलेल्या नाहीत. त्या ओढ्यांच्या गाळाखाली असतील, आजच्या गावठाणांच्या खाली असतील, किंवा पिकाखालच्या शेतांत विखुरल्या असतील. त्यांचा पहिला मागमूस विद्वानाला लागेल यापेक्षा विहीर खणणाऱ्याला, मेंढरे हाकणाऱ्याला अथवा हा ग्रंथ बगलेत मारून बांधावरून चालणाऱ्या एखाद्या शिक्षकाला लागण्याचा संभव अधिक आहे. तसे काही आढळल्यास जागेचे गट क्रमांकासह टिपण करावे, हात न लावता छायाचित्र घ्यावे, आणि पुरातत्त्व विभागाच्या किंवा जवळच्या विद्यापीठाच्या पुरातत्त्व शाखेच्या कार्यालयास लेखी कळवावे. त्यासाठी लागणारा नोंदीचा नमुना लेखकांनी ग्रंथाच्या अखेरीस जोडलेला आहे.